‘सेव्ह’ केलेली फाइल जाते कुठे?

प्रश्न : मी मेहकर तालुक्यातल्या एका गावात २०१४ पासून सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीक विमा, पोरांचे भरतीचे फॉर्म, असं सगळं काम आहे. जुना संगणक हळू चालायचा, पण त्यात काय कुठे आहे ते मला डोळे मिटून सांगता यायचं. मागच्या वर्षी तो बसला म्हणून नवा लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, ‘एकदम सोपा आहे, तुम्हाला काही करावंच लागत नाही.’ आता खरंच मला काही करता येत नाही. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल दुसऱ्या दिवशी नेट गेलं की उघडत नाही. अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर टाकायला गेलो तर म्हणतो, फक्त आमच्या स्टोअरमधलंच चालेल. एका पोराचा फोटो तीनदा अपलोड केला, तीनदा नाकारला. का नाकारला ते फॉर्मही सांगत नाही अन् लॅपटॉपही सांगत नाही. राइट क्लिक केलं तर निम्मे पर्याय गायब. भाचा म्हणतो, ‘मामा, तुम्ही जुने झाले.’ मी जुना झालो, की हे लोक सोपं करायच्या नावाखाली काम अवघड करून राहिले? आणि किती सोपं करायचं हे ठरवतं कोण?
(एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : भाच्याला सांगा, मामा जुने झालेले नाहीत. तुम्हाला जे खटकलं ते संगणक घडवण्यात उभा जन्म घालवलेल्या माणसांनाही खटकलेलं आहे, आणि त्यांनी ते जाहीरपणे बोलूनही दाखवलं आहे. त्यांच्याकडे येतोच. पण केंद्राच्या दारात लोक उभे असतील, तेव्हा आधी हातातलं काम उरकू.

तुमच्या लॅपटॉपवर कोणती प्रणाली आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. सध्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक लॅपटॉपवर विंडोज ११ असते, म्हणून तिच्या खुणा सांगतो.

डेस्कटॉपवरची फाइल नेटशिवाय उघडत नसेल तर ती बहुधा तुमच्या लॅपटॉपवर नाहीच. नवा संगणक पहिल्यांदा सुरू करताना खातं उघडायला लावतात. त्या भरात ‘वनड्राइव्ह’चा बॅकअप चालू होऊन जातो आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स ही फोल्डरं वनड्राइव्हच्या पोटात जातात. पडद्यावर फाइल पहिल्यासारखीच दिसते, पण मूळ फाइल दूरच्या सर्व्हरवर असू शकते. तिच्या शेजारी ढगाचं चित्र असेल तर ती नेटशिवाय उघडणार नाही. हिरवी बरोबरची खूण असेल तर ती लॅपटॉपवर आहे. फाइलवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडलं की ती खाली उतरते आणि तिथेच राहते. फुकट मिळणारी जागा फक्त ५ जीबी असते, हेही ध्यानात ठेवा. ती भरली की नव्या फाइली तिकडे जायच्या थांबतात.

तुमच्या कामासाठी मी एक पाऊल पुढे जायला सांगेन. तुमच्याकडे लोक विश्वासाने आधार कार्ड, पासबुक, जातीचा दाखला देतात. ते कागद तुमच्या नकळत तिसऱ्याच्या सर्व्हरवर जाणं मला बरोबर वाटत नाही. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ‘मॅनेज बॅकअप’ आहे, तिथून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बंद करता येतात. बंद करण्याआधी सगळ्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, फाइली वनड्राइव्ह नावाच्या फोल्डरात सापडतात. मग लॅपटॉपच्याच ड्राइव्हवर एक साधं फोल्डर करा, त्यात वर्ष, त्यात महिना. काम झाल्यावर लोकांचे कागद पुसूनही टाका. आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘डाउनलोड करण्यापूर्वी जागा विचारा’ असा एक पर्याय असतो, तो चालू करा. एवढ्यानेच ‘फाइल गेली कुठे’ हा प्रश्न निम्मा सुटेल, कारण जागा तुम्ही स्वतः निवडलेली असेल.

अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर अडतंय ते बहुधा ‘एस मोड’मुळे. काही लॅपटॉप, विशेषतः स्वस्तातले, या अवस्थेत विकले जातात. त्यात कंपनीच्या स्टोअरबाहेरचं काहीही चालत नाही. यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत : सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात अ‍ॅक्टिव्हेशन, तिथे ‘स्विच आउट’. एकदा बाहेर पडलं की परत आत जाता येत नाही, पण तुम्हाला जायचंही नाही. तुमच्या धंद्याला अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा टोकन, प्रिंटर आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर लागणारच, आणि यातलं बरंचसं स्टोअरमध्ये मिळत नाही.

आता त्या पोराचा फोटो. बँक भरतीच्या आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबीच्या आतला लागतो आणि सही १० ते २० केबीच्या आतली. आजच्या फोनने काढलेला फोटो काही हजार केबींचा असतो. शिवाय काही फोन ‘एचईआयसी’ नावाच्या प्रकारात फोटो ठेवतात आणि फॉर्मला ‘जेपीईजी’ हवा असतो. पडद्यावर दोन्ही फोटो सारखेच दिसतात, कारण फाइलचं आडनाव, म्हणजे नावातल्या टिंबानंतरची अक्षरं, विंडोज लपवून ठेवते. फाइल एक्सप्लोरर उघडा, वर ‘व्ह्यू’, त्यात ‘शो’, त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. त्याच व्ह्यूमध्ये ‘डीटेल्स’ निवडलं की प्रत्येक फाइलसमोर तिचा आकार दिसतो. आणि गिऱ्हाइकाला सांगा की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि त्याला स्वतःचंच नाव देतं. दाखल्यावरची बारीक अक्षरं तिथेच पुसट होतात.

राइट क्लिकचं दुखणं सर्वांत किरकोळ. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुनी लांब यादी येते.

कामाचं झालं. आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, कारण मला तो सर्वांत मोलाचा वाटला. किती सोपं करायचं हे ठरवतं कोण?

पडद्यावर फाइल आणि फोल्डरची चित्रं काढायची कल्पना आली तीच मुळी माणसाला सोपं जावं म्हणून. झेरॉक्स कंपनीने १९८१ साली ‘स्टार’ नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर कचेरीतलं टेबल होतं, कागद होते, कागद ठेवायची फोल्डरं होती. कारकुनाला जे रोज हाताळायची सवय आहे तेच पडद्यावर दिसावं, असा त्यामागचा विचार. आपल्या तहसील कचेरीत लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. हा सोपेपणा खरा होता. त्याने नव्या वस्तूला जुन्या ओळखीच्या वस्तूचं रूप दिलं आणि वस्तू कुठे आहे ते लपवलं नाही.

१९८४ च्या जानेवारीत अ‍ॅपलचा मॅकिंटॉश आला आणि ‘मी ठरवतो तुला काय हवं’ हा सूर पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला. त्याच्या कळफलकावर बाणांच्या कळाच नव्हत्या. लोकांनी माउस वापरावा आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनीही माउस धरूनच लिहावं, म्हणून त्या मुद्दाम वगळल्या होत्या. दोन वर्षांनी, १९८६ च्या मॅकिंटॉश प्लसवर त्या परत आल्या. पुढची चाळीस वर्षं हाच खेळ पुन्हा पुन्हा झाला आहे : एखादी कंपनी एखादी गोष्ट ‘लोकांना कळत नाही’ म्हणून काढते, लोक ओरडतात, आणि ती गोष्ट गुपचूप परत येते.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आली. डाव्या कोपऱ्यातलं ‘स्टार्ट’ बटण तिने दिलं, आणि ते खरोखर चांगलं होतं. कुठून सुरुवात करायची ते त्यावर लिहिलेलंच होतं. पण फाइलचं आडनाव लपवायची खोडही तीच घेऊन आली. डॉट टीएक्सटी, डॉट ईएक्सई पाहून नवखा गोंधळेल, म्हणून ते दाखवायचंच नाही. त्याची किंमत पाच वर्षांनी कळली. मे २००० मध्ये जगभर लोकांच्या ईमेलमध्ये एक प्रेमपत्र आलं. नाव दिसत होतं ‘लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी’. टीएक्सटी म्हणजे नुसता मजकूर, उघडायला काय हरकत आहे? खरं आडनाव त्याच्या पुढे होतं, डॉट व्हीबीएस, म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्राम. ते संगणकाने लपवलं होतं. काही दिवसांत कोट्यवधी संगणकांना त्या विषाणूने गाठलं. फिलिपिन्समधून निघालेला हा विषाणू पसरायला कारणं इतरही होती, पण लपवलेल्या आडनावाचा त्यात मोठा वाटा होता. इतकं होऊनही आडनाव लपवण्याची ती सवय आजतागायत गेलेली नाही. म्हणून वर तुम्हाला ती बंद करायला सांगितली.

मग २०११ आणि २०१२ ही दोन वर्षं आली. हातात टचस्क्रीन आले होते. २००७ च्या आयफोनमध्ये फाइल नावाची गोष्टच वापरणाऱ्याला दिसत नव्हती. लोकांनी ते आनंदाने स्वीकारलं, आणि संगणक घडवणाऱ्यांना वाटलं की टेबलावरचा संगणकही तसाच करावा. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आली तेव्हा स्टार्ट बटण नाहीसं झालं आणि पडदाभर रंगीत चौकोन आले. सतरा वर्षं ज्या कोपऱ्यात माणसाचा हात आपसूक जात होता तिथे काहीच नव्हतं. वर्षभरात, विंडोज ८.१ मध्ये बटण परत आलं. २०१५ च्या विंडोज १० मध्ये पूर्ण मेनूही परत आला.

याच काळात फुकट मिळणाऱ्या लिनक्सच्या जगात जे झालं ते मला जास्त शिकवून जातं. लिनक्सवर ‘नोम’ नावाचा एक लोकप्रिय डेस्कटॉप आहे. २००२ च्या नोम २ पासूनच ‘पर्याय कमी, गोंधळ कमी’ हे तो घडवणाऱ्यांचं धोरण होतं. त्यामागे एक प्रामाणिक विचारही होता : प्रत्येक जास्तीचा पर्याय कुणीतरी तपासावा लागतो, कुणीतरी शिकावा लागतो. एप्रिल २०११ मध्ये नोम ३ आला तेव्हा हे धोरण टोकाला गेलं. खिडकी लहान-मोठी करायची बटणं गेली, डेस्कटॉपवर फाइली ठेवणं गेलं, खालची पट्टी गेली. लिनक्सचं मूळ लिहिणारे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्येच नोमवर कडक टीका केली होती. २०११ मध्ये त्यांनी तो सोडला आणि ‘एक्सएफसीई’ नावाचा साधा डेस्कटॉप घेतला. ज्या माणसाच्या कामावर निम्मं इंटरनेट उभं आहे त्याची तक्रार आणि मेहकर तालुक्यातल्या सेवा केंद्रचालकाची तक्रार एकच आहे, हे तुमच्या भाच्याला दाखवा.

पण पुढचं अधिक महत्त्वाचं. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने जुना नोम २ उचलला आणि ‘माते’ या नावाने पुढे चालवला. दक्षिण अमेरिकेत चहासारखं एक पेय पितात, त्याचं हे नाव. लिनक्स मिंटच्या मंडळींनी नव्या नोमवरच काम करून जुन्या वळणाचा ‘सिनॅमन’ तयार केला. दोन्ही आजही वापरात आहेत. स्वतः टोरवाल्ड्सही पुढे नोमकडे परतले, कारण तोवर बाहेरून जोडता येणाऱ्या भागांनी हव्या त्या सोयी परत मिळवता येऊ लागल्या होत्या. सोपं करणाऱ्यांनी अति केलं, तरी मूळ लिहिलेलं सगळ्यांसाठी खुलं होतं, म्हणून नाराज माणसांच्या हातात काहीतरी होतं. विंडोज ८ वर नाराज असलेल्यांच्या हातात वाट पाहण्याखेरीज फारसं काही नव्हतं.

तेव्हा ठरवतं कोण, याचं सरळ उत्तर असं की घडवणारा ठरवतो, आणि ठरवताना त्याच्या डोळ्यांसमोर तुम्ही नसता. त्याच्यासमोर असतो घरी बसून फोटो पाहणारा, सिनेमा पाहणारा माणूस. अशी माणसं संख्येने जास्त असतात, आणि त्यांनी काही बिघडवलं तर मदतीच्या फोनचा खर्च कंपनीला पडतो. बिघडेल असं काही हाती द्यायचंच नाही, हा त्यावरचा स्वस्त उपाय. त्यात कंपनीचा धंदाही मिसळतो. फाइल तिच्या सर्व्हरवर गेली की उद्या जागेचं भाडं मागता येतं, आणि सॉफ्टवेअर तिच्याच स्टोअरमधून आलं की त्यावर तिचा ताबा राहतो. ‘वापरायला सोपं’ या दोन शब्दांखाली वापरणाऱ्याची सोय आणि विकणाऱ्याची सोय एकत्र नांदतात. त्या वेगळ्या करून पाहायची सवय लागली पाहिजे.

तरीही सोपं करणं वाईट, असं मी म्हणणार नाही. गावातल्या बचत गटातली बाई आज फोनवरून पैसे पाठवते, कास्तकार बांधावर उभा राहून बाजारभाव पाहतो. कुणालाही त्यासाठी फोल्डर शिकावं लागलं नाही. फोनवरची अ‍ॅप्स एकमेकांपासून वेगळ्या कप्प्यांत कोंडलेली असतात म्हणून विषाणूंचा त्रासही जुन्या संगणकांपेक्षा कमी. नव्वदच्या दशकात खामगावच्या एका संगणक वर्गात मी काळ्या पडद्यावर ‘डीआयआर’ टाइप करायला शिकलो. एक टिंब चुकलं तर संगणक ‘बॅड कमांड’ म्हणायचा आणि गप्प बसायचा. माझ्या शेजारी बसणारी दोन हुशार पोरं त्या धास्तीनेच वर्ग सोडून गेली. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही.

मग रेघ कुठे ओढायची? मला ती विहिरीवर सापडते. मोटरच्या स्टार्टरवर दोन बटणं असतात, हिरवं आणि लाल. आत तीन फेज, कॉइल, रिले अशी सगळी भानगड, पण ती कळल्याशिवायही पाणी सुरू करता येतं. थ्री फेज रात्री-अपरात्री येते, म्हणून लोकांनी ऑटो स्विच बसवले. लाइट आली की मोटर आपोआप सुरू, कास्तकार घरी झोपलेला. यापेक्षा सोपं काय असणार? पण उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की तोच कास्तकार ऑटो बंद करतो, कारण कोरडी चाललेली मोटर जळते. ऑटो स्विचला खटका आहे, स्टार्टरच्या पेटीला झाकण आहे, आणि ते झाकण पेचकसाने उघडतं. आता असा स्टार्टर कल्पून पाहा की ज्याला खटका नाही, झाकण वितळवून बंद केलंय, आणि मोटर का थांबली असं विचारल्यावर तो फक्त ‘काहीतरी चुकलं’ एवढंच म्हणतो. लोणार-मेहकरच्या पट्ट्यात तो एक हंगाम तरी टिकेल का? आपल्या लॅपटॉपकडून मात्र आपण नेमकं हेच सोसतो आहोत.

वरचं बटण एक असो की दहा, त्याला माझी हरकत नाही. यंत्र काय करतंय ते त्याने सांगावं, आणि झाकण उघडायची वाट ठेवावी.

असं करता येतं याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे, आणि तोही एका धनगरवाड्यावरच्या शाळेतला. निकोलस नेग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली होती. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ अशी ती मोहीम. २००६ मध्ये भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ती शिक्षणाच्या दृष्टीने संशयास्पद ठरवून नाकारली. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका एकशिक्षकी शाळेत हे हिरवे-पांढरे लॅपटॉप पोचले. मुलं होती वीस-बावीस. त्यावरची प्रणाली होती ‘शुगर’, लिनक्सवरच बेतलेली, आणि मी पाहिलेल्या प्रणालींमधली ती सर्वांत उघडीबोडकी. खिडक्या नाहीत, एका वेळी पडदाभर एकच काम. फाइल नाही, फोल्डर नाही, ‘सेव्ह’ही नाही : जे केलं ते आपोआप ‘जर्नल’मध्ये, म्हणजे रोजनिशीत, तारखेच्या क्रमाने नोंदलं जायचं. मध्यभागी एक छोटं माणसाचं चित्र, भोवती कामांची चित्रं.

तुम्ही म्हणाल, हे तर माझ्या लॅपटॉपपेक्षाही जास्त लपवणारं. जर्नलची अडचण होतीही. नोंदी वाढल्या की त्या कप्प्यांत लावता येत नव्हत्या, आणि मुलं नाव न देता पुढे गेली की सगळा ढीग. पण त्या लॅपटॉपच्या कळफलकावर एक कळ अशी होती की ती दाबली की चाललेला प्रोग्राम कसा लिहिलाय तो मजकूरच समोर यावा. बरेचसे प्रोग्राम पायथन या वाचायला सोप्या भाषेत होते. पहिलीच्या मुलाने ती कळ कधी दाबली नसेल, चालेल. पण ज्या कुणाला दाबावीशी वाटेल त्याच्यासाठी ती होती, आणि ती ठेवणाऱ्याने त्या मुलावर विश्वास टाकला होता. ७.५ इंची पडदा, २५६ एमबी मेमरी, १ जीबी साठवण एवढ्याशा यंत्रावर जर ही वाट ठेवता आली, तर आजच्या लॅपटॉपवर ती ठेवायला जागा नाही असं कुणी सांगू नये.

तुमच्या बाबतीत अन्याय दुहेरी आहे, आणि मला तोच जास्त बोचतो. एकीकडे प्रत्येक सरकारी फॉर्म तुम्हाला केबी विचारतो, पीडीएफ की जेपीईजी विचारतो, लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये विचारतो. दुसरीकडे यंत्र म्हणतं, या गोष्टींची तुम्हाला काय गरज? या दोघांच्या मध्ये तुम्ही उभे आहात. ज्या पोराकडे लॅपटॉप नाही त्याची नोकरी तुमच्या हातातल्या त्या एका फोटोवर अडते, आणि अर्ज नाकारला गेला की दोष तुमच्या माथी येतो. फॉर्म तयार करणाऱ्यांनी फोटो स्वतःच लहान करून घ्यावा, नाहीतर का नाकारला ते मराठीत लिहावं. तेवढं करायला कुठलीही नवी प्रणाली लागत नाही.

जाता जाता तुमच्या जुन्या संगणकाविषयी. तो ‘बसला’ म्हणजे नुसता हळू झाला असेल तर फेकू नका. विंडोज १० साठीची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, जी जुन्या यंत्रांत बहुधा नसते. अशा संगणकावर लिनक्स मिंट उत्तम चालतं. टायपिंग, स्कॅन, छपाई, फोटो लहान करणं एवढं काम त्यावर करा. अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचा टोकन त्यावर चालेलच असं धरू नका, ते आधी तपासा आणि तोवर लॅपटॉपवरच ठेवा.

प्रश्न : मी बारावीत आहे. आमच्या घरी संगणक नाही, सगळं फोनवर करते. मला फाइल, फोल्डर शिकायची खरंच गरज आहे का?
(एक विद्यार्थिनी, देऊळगाव राजा)

उत्तर : आहे, आणि त्यासाठी संगणक लागत नाही. २०२१ च्या सुमारास अमेरिकेतल्या विद्यापीठांत विज्ञान शिकवणाऱ्या काही प्राध्यापकांच्या लक्षात आलं की नव्या विद्यार्थ्यांना ‘तुमची फाइल कुठल्या फोल्डरात आहे’ हा प्रश्नच कळत नाही. घरात लॅपटॉप असलेली मुलं ती. लहानपणापासून त्यांनी फाइल नुसती शोधून काढलेली, स्वतः कप्प्यात ठेवलेली नव्हती. तेव्हा तू मागे आहेस असं समजू नकोस.

फोनवर ‘फाइल्स’ नावाचं अ‍ॅप असतं, बहुतेक अँड्रॉइड फोनवर ते आधीपासून असतं. ते उघड. ‘डाउनलोड्स’मध्ये जा आणि तिथे काय काय पडलंय ते आधी नुसतं पाहा. मग ‘प्रवेश’ नावाचं एक फोल्डर कर. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला, फोटो आणि सही, हे सगळं एकेक करून त्यात हलव. हलवताना प्रत्येक फाइलचं नाव बदल. आकडे आणि इंग्रजी अक्षरांचं ते लांबलचक नाव काढून ती काय आहे ते लिही. टिंबानंतरची अक्षरं मात्र तशीच राहू दे, त्यांच्यावरूनच फाइलचा प्रकार कळतो. शेवटी प्रत्येक फाइलची माहिती उघडून तिचा आकार किती केबी आहे ते वहीत लिहून ठेव. निकालानंतर प्रवेशाच्या गर्दीत सेवा केंद्रावर गेलीस की फोन पुढे करून ते एक फोल्डर दाखव, आणि त्यातलं जे मागतील ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव.